उन्हाची लाट आणि झाडं : मोसंबीच्या बागेपासून दारातल्या तुळशीपर्यंत काय जपायचं?

जालना : एप्रिल-मेमध्ये भर दुपारी भोपळ्याचा वेल माना टाकतो आणि आपण बादली घेऊन धावतो. थोडं थांबा. ऊन उतरल्यावर तीच पानं ताठ झाली, तर जमिनीत ओल आहे; मुळं जेवढं पाणी ओढतात त्यापेक्षा जास्त पानांतून उडत होतं, एवढंच. पण दिवस उगवायच्या आधीही पानं मलूल दिसली, तर मात्र पाणी कमी पडलं असं समजा.

सपाट भागात पारा ४० अंशांवर गेला आणि तो सरासरीपेक्षा किमान ४.५ अंशांनी जास्त असला, की हवामान विभाग उष्णतेची लाट धरतो. ४५ अंश झाले तर सरासरी न बघताच लाट. हा आकडा सावलीतल्या हवेचा असतो. उघडी माती, पत्र्याचं शेड, काळी प्लास्टिकची कुंडी त्याहून कितीतरी जास्त तापते. म्हणून कुंडीतली तुळस किंवा गुलाब आधी जातो आणि जमिनीतला कढीपत्ता तग धरतो. कुंड्या भिंतीपासून लांब, झाडाखाली एकमेकींना चिकटून ठेवा आणि भोवती ओलं पोतं गुंडाळा.

पानाला बारीक छिद्रं असतात. उन्हाचा ताण वाढला की पाणी वाचवायला झाड ती मिटून घेतं. मग पान थंड होत नाही, अन्नही कमी तयार होतं आणि कडा करपतात. टोमॅटो-मिरचीची फुलं ३५ अंशांच्या पुढे गळायला लागतात. ते बहुतेक वेळा औषधाच्या कमतरतेमुळे नसतं, त्यामुळे दुकानातून उगाच बाटल्या आणू नका. भेंडी, गवार, चवळी या दिवसांत बरी टिकतात. मेथी-कोथिंबिरीला सावलीच लागते.

आपल्या जिल्ह्यात खरी काळजी मोसंबीची. जालन्याच्या मोसंबीला भौगोलिक मानांकन आहे, पण ऊन मानांकन बघत नाही. २०१२ ला पाऊस दगा देऊन गेला आणि २०१३ च्या उन्हाळ्यात जिल्ह्यातल्या बागा उभ्या वाळल्या. टँकरनं पाणी घालूनही अनेकांना झाडं तोडावी लागली. नवीन लावलेलं झाड चांगलं उत्पन्न द्यायला पाच-सहा वर्षं घेतं, म्हणजे एका उन्हाळ्याचा फटका किती वर्षं पुरतो, हिशोब करा.

आंबिया बहराची फळं या काळात लहान असतात आणि गळ होतेच. विहिरीचं पाणी जूनपर्यंत पुरणार नसेल तर फळांचा मोह सोडा आणि झाड वाचवा. जीवावर येतं, पण फळं काढली की झाडावरचा भार हलका होतो. पाणी खोडाशी नको. पाणी ओढणारी बारीक मुळं फांद्यांच्या घेराखाली, वरच्या थरात असतात. तिथंच पाणी द्या आणि तिथंच उसाचं पाचट किंवा सोयाबीनचा भुसा चार बोटं जाड पसरा. त्यात वाळवी लागते, अधूनमधून बघत जा. बिडी-काडीही जपून.

खोडाला बोर्डो पेस्ट लावली तर तिच्या थरामुळे साल तडकत नाही, रोगही अडतो. प्रमाण १ किलो मोरचूद, १ किलो चुना, १० लिटर पाणी. मात्र लोखंडी भांड्यात कालवू नका. बाष्पीभवन कमी करायला केओलिनची ८ टक्के फवारणी करतात. लहान रोपांना मडकं बरं : बुडाला बारीक छिद्र, त्यात वात, आळ्यात पुरून भरून ठेवायचं.

पाणी पहाटे किंवा रात्री द्या. ठिबकची नळी दुपारभर उन्हात पडून असते. आतलं तापलेलं पाणी आधी बाहेर सोडून मग चालू करा. बोअरचं खारं पाणी पानावर मारू नका, क्षारानं कडा जळतात. युरियाही आता नको. त्यानं कोवळी पालवी फुटते आणि तीच आधी करपते. शंका असेल तर खरपुडीचं कृषी विज्ञान केंद्र किंवा बदनापूरचं मोसंबी संशोधन केंद्र गाठा.

करपलेल्या फांद्या लगेच छाटायच्या नाहीत. वाळलेली पानंसुद्धा आतल्या सालीला सावली देतात. पहिले दोन पाऊस होऊ द्या, मग नखानं साल खरवडा. आत हिरवं दिसलं तर फांदी जिवंत आहे. तपकिरी दिसलं तर हिरवं लागेपर्यंत खाली खरवडत या आणि तिथून कापा.