दृष्टिबाह्यकाचा अभ्यास आणि ‘निर्णायक काल’ ही संज्ञा : डेव्हिड ह्यूबेल यांच्या संशोधनाचा परामर्श

भाषासंपादनाविषयीच्या लेखनात ‘निर्णायक काल’ ही संज्ञा आता इतकी रुळली आहे, की ती मूळची आपल्या शास्त्रातील नव्हे याचे स्मरण सहसा राहत नाही. एरिक लेनेबर्ग यांनी १९६७ साली भाषेच्या जैविक अधिष्ठानावरील आपल्या ग्रंथात ती मानवी भाषेस लावली आणि वयाच्या सुमारे दुसऱ्या वर्षापासून यौवनारंभापर्यंतचा काल हा भाषा सहजगत्या आत्मसात होण्याचा काल होय असे प्रतिपादिले. संज्ञा प्राणिवर्तनाच्या अभ्यासातून आली होती. परंतु तिला प्रयोगसिद्ध आधार मिळाला तो मुख्यतः मांजराच्या मेंदूवरील संशोधनातून. हे संशोधन डेव्हिड ह्यूबेल व टॉर्स्टन वीझेल या जोडीचे. उसनी घेतलेली संज्ञा मूळ घरी कशी वाढली हे पाहणे भाषेच्या अभ्यासकास उपकारक ठरेल, या हेतूने ह्यूबेल यांच्या कार्याचा येथे परामर्श घेतला आहे.

ह्यूबेल यांचा जन्म १९२६ साली कॅनडातील विंडसर येथे अमेरिकन मातापित्यांच्या पोटी झाला. मॉन्ट्रियलच्या मॅक्गिल विद्यापीठात त्यांनी प्रथम गणित व पदार्थविज्ञान यांचा अभ्यास केला व १९५१ साली वैद्यकाची पदवी घेतली. नागरिकत्व अमेरिकेचे असल्यामुळे १९५५ साली त्यांना सक्तीच्या लष्करी सेवेत जावे लागले आणि त्यांची नेमणूक वॉल्टर रीड लष्करी संशोधनसंस्थेत झाली. सक्तीची ही सेवा त्यांच्या पथ्यावर पडली असेच म्हणावे लागेल. जागृत व हिंडत्या-फिरत्या मांजराच्या मेंदूतील एकेका पेशीचे विद्युत्स्पंदन टिपता यावे म्हणून त्यांनी तेथे टंगस्टन धातूच्या तारेस अतिसूक्ष्म टोक काढून व तिच्यावर रोगणाचा लेप देऊन एक विद्युदग्र सिद्ध केले. त्याचे वर्णन १९५७ साली प्रसिद्ध झाले. पुढील सर्व कार्य या तारेवर उभे आहे. विचारांच्या इतिहासात उपकरणांना आपण जे दुय्यम स्थान देतो ते कितपत योग्य आहे, असा प्रश्न येथे मनात येतो.

१९५८ साली ते बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात आले. त्यांना जावयाचे होते व्हर्नन माउंटकॅसल यांच्याकडे. परंतु त्या प्रयोगशाळेचे बांधकाम चालू असल्याने तेवढ्या अवधीपुरते स्टीफन कफ्लर यांच्या प्रयोगशाळेत वीझेल यांच्यासह काम करावे असे ठरले. तात्पुरते म्हणून सुरू झालेले हे सहकार्य वीस वर्षांहून अधिक टिकले. कफ्लर यांनी १९५३ साली मांजराच्या दृष्टिपटलातील पेशींची ग्रहणक्षेत्रे वर्तुळाकार असतात असे दाखविले होते. एखाद्या पेशीचे ‘ग्रहणक्षेत्र’ म्हणजे दृष्टिपटलाचा तो भाग, की ज्यावर प्रकाश पडला असता त्या पेशीच्या स्पंदनात फरक पडतो. मध्यभागी पडलेल्या प्रकाशाने पेशी उद्दीपित होत असेल, तर भोवतीच्या कड्यावरील प्रकाशाने ती मंदावते; काही पेशींत याच्या उलट घडते. मेंदूच्या बाह्यकात या माहितीचे पुढे काय होते, हा प्रश्न दोघांनी हाती घेतला.

आरंभीची साधने ओबडधोबड होती. गुंगीत ठेवलेल्या मांजराचे तोंड वर असे व आकृत्या छताकडे प्रक्षेपित कराव्या लागत. त्यासाठी वरच्या नळांवरून पलंगपोस टांगले होते. काचेच्या पट्टीवर काळा ठिपका चिकटवून तो ते डोळ्यासमोर फिरवीत. एका पेशीपाशी काही तास गेले, पण उत्तर मिळेना. मग पट्टी खाचेत सरकविताना ध्वनिवर्धकातून एकाएकी मशीनगनसारखा आवाज सुरू झाला. ठिपक्याचा त्याच्याशी काहीही संबंध नव्हता. काचेच्या कडेची पुसट परंतु रेखीव छाया दृष्टिपटलावर सरकत होती व पेशी त्या सरळ रेषेस उत्तर देत होती. तेही रेषेचा कल विशिष्ट असेल तेव्हाच. ही कथा योगायोगाची म्हणून पुष्कळदा सांगितली जाते. मला तिच्यातील दुसरी बाजू अधिक महत्त्वाची वाटते: ती छाया लक्षात आल्यावर त्यांनी त्याच एका पेशीची अनेक तास परीक्षा केली.

१९५९ साली कफ्लर यांच्यासमवेत दोघे हार्व्हर्डच्या वैद्यकीय विद्यालयात गेले. १९५९ व १९६२ या सालांच्या निबंधांत त्यांनी बाह्यकातील पेशींचे ‘साध्या’ व ‘जटिल’ असे वर्ग पाडले, आणि १९६५ साली ‘अतिजटिल’ हा आणखी एक वर्ग मांडला. साध्या पेशीस रेषा ठराविक कलाने व ठराविक जागी हवी असते. जटिल पेशीस कल पुरेसा असतो, जागा थोडी बदलली तरी चालते. विद्युदग्र बाह्यकात तिरपे पुढे नेले असता रेषेचा अपेक्षित कल क्रमाक्रमाने बदलत जातो आणि एकाच कलाच्या पेशी पृष्ठभागाशी काटकोनात असलेल्या स्तंभांत रचलेल्या आढळतात. शिवाय मांजराच्या सुमारे ८० टक्के पेशी कमीअधिक प्रमाणात दोन्ही डोळ्यांना प्रतिसाद देतात. हा शेवटचा आकडा वाचकांनी ध्यानात ठेवावा. पुढील सर्व प्रयोगांचा तो मानदंड आहे.

मानदंड हाती आल्यावरच वंचनेचे प्रयोग झाले. १९६३ पासूनच्या निबंधांत मांजराच्या पिलाची एक पापणी जन्मानंतर लवकरच शिवून दोनतीन महिन्यांनी ती उघडली असता काय होते याचे वर्णन आहे. (हे वाचताना मन कचरते, पण प्रयोगाचे स्वरूप सौम्य शब्दांत झाकण्यात अर्थ नाही.) डोळा स्वतः निर्दोष असूनही बाह्यकातील जवळजवळ सर्व पेशी आता फक्त उघड्या राहिलेल्या डोळ्यास उत्तर देत होत्या. प्रौढ मांजराचा डोळा कित्येक महिने बंद ठेवूनही असा परिणाम झाला नाही. चौथ्या आठवड्याच्या सुमारास पिलू अत्यंत संवेदनक्षम होते, इतके की तीनचार दिवसांची बंदीही पुरते. तिसऱ्या महिन्याच्या अखेरीस ही संवेदनक्षमता मावळते.

येथे ‘उपयोग नाही म्हणून ऱ्हास झाला’ असा सरळ निष्कर्ष निघाला असता. परंतु दोन्ही डोळे मिटून पाहिले तेव्हा हानी दुपटीने न वाढता बऱ्याच पेशी प्रतिसाद देताना आढळल्या. पुढे डोळ्याचा एक स्नायू कापून तिरळेपणा उत्पन्न केला. प्रत्येक डोळ्यास पुरेसा प्रकाश व पुरेशा आकृत्या मिळत होत्या. फक्त दोहोंचा मेळ नव्हता. तरीही दोन्ही डोळ्यांना उत्तर देणाऱ्या पेशी फार थोड्या उरल्या. म्हणजे प्रश्न केवळ अनुभवाच्या अभावाचा नसून दोन मार्गांतील स्पर्धेचा व सुसंवादाचा होता. दुसरीकडे, ज्यांनी अद्याप काही पाहिलेच नाही अशा पिलांतही कलाला प्रतिसाद देणाऱ्या पेशी सापडल्या. रचना बव्हंशी जन्मजात असते आणि ती टिकण्यास योग्य वेळी योग्य अनुभव लागतो, असे हे दुहेरी उत्तर आहे. जन्मजात मोतीबिंदू व तिरळेपणा यांवर बालपणी शक्य तितक्या लवकर उपचार करावेत या मतास त्यामुळे भक्कम आधार मिळाला.

या मांडणीतील सर्वच गोष्टी टिकल्या असे नाही. साध्या पेशींपासून जटिल पेशी घडतात ही श्रेणीबद्ध कल्पना १९७० नंतर वादग्रस्त झाली. ‘अतिजटिल’ हा स्वतंत्र वर्ग तर मागेच पडला, कारण रेषेच्या लांबीची मर्यादा पाळण्याचा गुण साध्या पेशींतही आढळला. १९८१ चे नोबेल पारितोषिक ह्यूबेल व वीझेल यांना रॉजर स्पेरी यांच्यासह मिळाले. वीझेल १९८३ साली रॉकफेलर विद्यापीठात गेले. ह्यूबेल हार्व्हर्ड येथेच राहिले व मार्गारेट लिव्हिंगस्टन यांच्यासह रंग व आकार यांच्या मार्गांवर काम करीत राहिले. २०१३ साली त्यांचे निधन झाले.

आता संज्ञेकडे वळू. १९७० साली या कालाचीच मोजदाद करणारा जो निबंध ह्यूबेल व वीझेल यांनी लिहिला, त्याच्या शीर्षकात ‘निर्णायक’ हे विशेषण नाही. तेथे ‘परिणामक्षमतेचा काल’ अशा अर्थाचे शब्द आहेत, आणि कशाची परिणामक्षमता तेही सांगितले आहे: पिलाचा एक डोळा मिटल्याने होणाऱ्या शारीर परिणामांची. भाषाविज्ञानात मात्र ‘निर्णायक काल’ हा शब्द उच्चार, वाक्यरचना, शब्दसंग्रह या सर्वांस सरसकट लावला जातो. भारतातही पवन सिन्हा यांच्या ‘प्रकाश’ प्रकल्पात जन्मजात मोतीबिंदू असलेल्या व आठ वर्षांनंतर शस्त्रक्रिया झालेल्या मुलांना उपयुक्त दृष्टी लाभल्याचे दिसून आले आहे. त्यांच्या दृष्टीची सूक्ष्मता उणी राहते. परंतु वस्तू ओळखण्याची शक्ती वाढत जाते. खुद्द दृष्टीच्या क्षेत्रातही एका कार्याचे दार बंद होताना दुसऱ्याचे उघडे असते.

लेनेबर्ग यांनी आधार घेतला तो बहुतांशी मेंदूच्या इजेनंतर वाचा परत येण्याच्या वयोमानाचा. त्यांच्यापाशी निरोगी बालकाच्या भाषेचा, वरील ८० टक्क्यांच्या तोडीचा, मानदंड नव्हता. मराठीपुरते बोलावयाचे तर मूल ‘ळ’ व ‘ल’ यांतील भेद केव्हा ऐकू लागते, केव्हा उच्चारते, ‘ने’ हा प्रत्यय भूतकाळी सकर्मक क्रियापदाबरोबर नियमाने केव्हा वापरते, याची महिन्यागणिक नोंद अनेक मुलांबाबत हाती असल्यावाचून उशिरा मराठी शिकणाऱ्याने नेमके काय गमावले हे कसे ठरविणार? ह्यूबेल व वीझेल यांनी २००४ साली आपले निबंध भाष्यासह एका ग्रंथात एकत्र केले आहेत. आपल्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी त्यांतील १९५९, १९६२ व १९६३ चे निबंध याच क्रमाने वाचावेत आणि वंचनेच्या प्रयोगापूर्वी किती पाने केवळ सामान्य मांजराच्या वर्णनाला दिली आहेत ते मोजावे.