कंप्रेसरवर 10 सीएफएम लिहिलंय, मग हवा कमी का पडते?

गॅरेजसाठी किंवा स्प्रे पेंटिंगसाठी पिस्टनचा कंप्रेसर घेताना दुकानदार सीएफएम सांगतो, म्हणजे मिनिटाला किती घनफूट हवा. मशीन आणलं की गनला हवा पुरत नाही. दरवेळी ही फसवणूकच असते असं नाही. बऱ्याचदा तो आकडा सिलिंडरच्या मापावरून आणि पिस्टनच्या फेऱ्यांवरून काढलेला असतो. प्रत्यक्षात मिळणारी हवा त्याच्या किती टक्के, याला व्हॉल्युमेट्रिक एफिशियन्सी म्हणतात.

बाकीची हवा जाते कुठे? पिस्टन वरच्या हेडवर आदळू नये म्हणून थोडी फट ठेवावीच लागते. तिथे दाबलेली हवा अडकून राहते. पिस्टन खाली निघाला की आधी ही शिळी हवा फुगते. तिचा दाब बाहेरच्यापेक्षा कमी होईपर्यंत आत घेणारा व्हॉल्व्ह उघडतच नाही, आणि स्ट्रोकचा तेवढा भाग फुकट जातो.

समजा फट 5 टक्के आहे. गेजवर 7 बार म्हणजे बाहेरच्या हवेच्या साधारण 8 पट दाब. कागदावरच्या हिशेबाने कार्यक्षमता 80 टक्क्यांच्या आसपास येते. तेच काम दोन टप्प्यांत, मध्ये हवा थंड करून केलं तर 94! टू-स्टेज मशीन महाग असतं ते उगाच नाही.

गंमत म्हणजे फुगणारी हवा पिस्टनला खाली ढकलून बरीचशी ताकद परत देते. त्यामुळे फटीने हवा घटते, पण वीज त्या प्रमाणात वाया जात नाही. गळका व्हॉल्व्ह आणि झिजलेल्या रिंगा मात्र हवा आणि वीज दोन्ही खातात. तुंबलेला फिल्टरही हवा अडवतो. खोली 27 वरून 42 अंशांवर तापली, तर तेवढ्याच जागेत सुमारे 5 टक्के कमी हवा मावते.

आपलं मशीन तपासायचं असेल तर हवेची लाइन बंद करा आणि टाकी 5 वरून 7 बारवर जायला किती वेळ लागतो ते मोबाइलवर मोजा. टाकी 200 लिटरची असेल तर 2 बार वाढायला बाहेरची सुमारे 400 लिटर हवा लागते. 2 मिनिटं लागली तर मिनिटाला 200 लिटर, म्हणजे जेमतेम 7 सीएफएम. पाटीवर 10 असेल तर 70 टक्के. टाकीतली हवा गरम असल्याने हा आकडाही किंचित जास्तच दिसतो.

नवीन घेताना ‘एफएडी किती, आणि किती बारला?’ असं विचारा. एफएडी म्हणजे खरोखर मिळणारी हवा.