अठ्ठ्याहत्तर मिनिटं

२८ फेब्रुवारी २०२४. क्राउडस्ट्राइक या कंपनीच्या ‘फाल्कन’ या सुरक्षा सॉफ्टवेअरची ७.११ ही आवृत्ती ग्राहकांकडे गेली. हे सॉफ्टवेअर विंडोजच्या गाभ्यात बसतं आणि लॅपटॉप सुरू होतानाच जागं होतं. या आवृत्तीत तपासणीचा एक नवा साचा होता. साच्यात रकाने २१. माहिती मात्र २० रकान्यांचीच पुरवली जात होती.

५ मार्च. ताणचाचणी पार पडली. २१व्या रकान्यात ‘काहीही चालेल’ अशी खूण होती, त्यामुळे तिथे डोकावायची वेळच आली नाही. एप्रिलमध्ये याच साच्यातून आणखी तीन वेळा माहिती गेली. काही बिघडलं नाही.

१९ जुलै, शुक्रवार, भारतीय वेळेनुसार पहाटे ३:२६. अमेरिकेच्या मध्य भागात मायक्रोसॉफ्टच्या अझूर या क्लाउड सेवेत वेगळाच बिघाड सुरू झाला. पुढच्या घटनेशी त्याचा संबंध नव्हता, पण लोकांनी दोन्हींची गल्लत केली.

सकाळी ९:३९. क्राउडस्ट्राइककडून ‘२९१’ क्रमांकाची नवी फाइल सुटली. या खेपेला २१व्या रकान्यात ठरावीक मूल्य होतं. तपासणाऱ्या प्रोग्रामनं माहिती २१ रकान्यांची येते असं धरलं आणि फाइल पास केली. आधी थोड्या यंत्रांवर पाठवून पाहावं, हे झालं नाही. फाइल सगळीकडे एकदम गेली. या साऱ्या प्रकरणात मला सर्वांत जड वाटतो तो हा निर्णय.

फाइल उतरली की सॉफ्टवेअर २१व्या, नसलेल्या माहितीला हात घाली. पडदा निळा. लॅपटॉप आपोआप पुन्हा सुरू. पुन्हा निळा.

परभणी जिल्ह्यातल्या चारठाण्यात कुणी फाल्कन असलेला कंपनीचा लॅपटॉप घेऊन बसला असेल, तर त्याची सकाळ वायफायवर ठरली. चालू केल्याबरोबर जोडला गेला, तर अडकला. वीज गेली, राउटर बंद, वायफायचं चिन्ह नुसतंच फिरत राहिलं आणि अकरा वाजेपर्यंत जोडणी लागलीच नाही, तर तो वाचला.

१०:५७. सदोष फाइल मागे घेऊन नीट फाइल ठेवली गेली. मधे गेली ७८ मिनिटं. पण जो लॅपटॉप नेटपर्यंत पोचण्याआधीच कोसळतो, त्याला ती मिळणार कशी?

दुपार. मुंबईसह देशभरच्या विमानतळांवर चेक-इन हातानं. बोर्डिंग पास पेननं लिहिलेले. इंडिगोची १९२ उड्डाणं रद्द.

३:१५. कंपनीप्रमुख जॉर्ज कर्ट्झ यांनी एक्सवर लिहिलं: हा सायबर हल्ला नाही.

पहिला उपाय रीस्टार्टचा. कोसळण्याआधी नेट मिळालं तर नीट फाइल उतरते. शर्यत काही सेकंदांची. म्हणून कंपनीनं बजावलं, वायफाय नको, तारेनं जोडा. तार लवकर लागते. अझूरवरच्या यंत्रांना १५-१५ वेळा रीस्टार्ट द्यावा लागू शकतो, असं मायक्रोसॉफ्टनं सांगितलं. मोबाईलच्या हॉटस्पॉटवर काम करणाऱ्यानं चारठाण्यात तार आणायची कुठून? सकाळी ज्या संथ वायफायनं एखाद्याला वाचवलं असेल, तेच आता दुसऱ्याला सोडवत नव्हतं.

दुसरा उपाय हातानं. सेफ मोडमध्ये जायचं, ड्रायव्हर्सच्या फोल्डरमधलं क्राउडस्ट्राइकचं फोल्डर उघडायचं, ‘सी-०००००२९१’नं सुरू होणारी फाइल डिलीट करायची. डिस्कवर बिटलॉकरचं कुलूप असेल तर आधी ४८ अंकी किल्ली. ती बहुधा आयटी विभागाकडे. सहा-सहा अंकांचे आठ गट, एकानं फोनवर वाचायचे, दुसऱ्यानं टाइप करायचे. एका लॅपटॉपसाठी एक फोन.

२० जुलै, पहाटे ३. विमानतळांवरच्या यंत्रणा पूर्ववत होऊ लागल्या. त्याच दिवशी मायक्रोसॉफ्टनं आकडा दिला: ८५ लाख यंत्रं. विंडोजच्या एकूण यंत्रांच्या एक टक्क्याहूनही कमी.

२९ जुलै. सुमारे ९९ टक्के यंत्रं पुन्हा जोडली गेली होती. दहा दिवस लागले.