बारभाई आणि वाटलेली किल्ली

३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणरावांचा खून झाला आणि रघुनाथराव पेशवे झाले. पुढल्याच वर्षी बारभाईंनी एकत्र येऊन कारभार हाती घेतला. पण त्यांची वाटणी परस्परांच्या विश्वासावरच उभी होती. १७७९ मध्ये सखारामबापू कैदेत गेले आणि सत्ता एकट्या नाना फडणिसांच्या हाती एकवटली.

बरोबर दोनशे वर्षांनी, १९७९ मध्ये, अदी शमीर या इस्रायली गणितज्ञाने वाटणीचा निराळा मार्ग दाखविला. संगणकावरील गुप्त किल्ली म्हणजे एक प्रचंड संख्या. ती एका वक्ररेषेत दडवावयाची आणि रेषेवरील पाच बिंदू पाच जणांस द्यावयाचे. कोणत्याही तिघांचे बिंदू जुळले की रेषा सापडते. दोघांच्या बिंदूंवरून काहीच कळत नाही. दोघे वारले तरी किल्ली हरवत नाही. दोघे फितले तरी तिजोरी उघडत नाही.

तरी वाटणाऱ्यास सबंध किल्ली ठाऊक असते आणि जुळविणाऱ्याच्या हाती ती पुन्हा सबंध येते. आम्ही कामगार संघटनेत वर्गणीच्या पैशांवर दोन सह्या ठेवतो. त्यामुळे प्रामाणिक खजिनदारालाही सुखाची झोप लागते. किती जण हवेत हे गणित सांभाळील. ते एकाच घरचे नसावेत, हे मात्र सभेनेच पाहिले पाहिजे.