थीब्ज
ग्रीसच्या बिओशिया प्रांतातले सात वेशींचे नगर. इजिप्तमधल्या याच नावाच्या नगराशी गल्लत करू नये. कॅडमसने महासर्पाचे दात जमिनीत पेरले, त्यांतून हत्यारबंद योद्धे उगवले, उगवताच आपसांत लढले. उरलेल्या पाचांच्या मदतीने त्याने नगर वसवले, अशी कथा. राजा ईडिपस आणि त्याची मुलगी अँटिगनी इथलीच. त्यांच्यावरची गाजलेली नाटके मात्र अथेन्सच्या सॉफक्लीझची, आणि थीब्ज तर अथेन्सचे जुने वैरी. राजघराण्यातली पापे शेजारच्या गावी घडलेली दाखवणे नाटककाराला सोयीचे वाटले असावे! थीब्जकरांचा स्वतःचा मोठा कवी म्हणजे पिंडार. इ. स. पू. ३३५ मध्ये अलेक्झांडरने नगर जमीनदोस्त केले, तेव्हा घरांपैकी पिंडारचे तेवढे राखले, असे प्राचीन लेखक सांगतात. ईडिपसचे नाटक पु. ल. देशपांडे यांनी ‘राजा ओयदिपौस’ या नावाने मराठीत आणले आहे. जिज्ञासूंनी ते अवश्य वाचावे.