तिसरे रघूजी भोसले : विलासी राजा की बांधलेला राजा?

नागपूरकर भोसल्यांचे अखेरचे सत्ताधीश तिसरे रघूजी यांच्याविषयी लिहिताना 'विलासी' हे विशेषण लेखणीतून सहज उतरते. या विशेषणाची वंशावळ तपासावी, असे आम्हांस वाटते. आणि त्यासाठी नागपूरच्या राजवाड्याऐवजी भंडाऱ्याकडून पाहणे अधिक उपयोगी ठरेल.

१८१७च्या सीताबर्डीच्या लढाईनंतर अप्पासाहेब भोसले पदच्युत झाले. १८१८ मध्ये दुसऱ्या रघूजींच्या मुलीचा मुलगा बाजीबा यास दत्तक देऊन गादीवर बसविण्यात आले. तोच तिसरा रघूजी. राजा अज्ञान, राजवाडा बाकाबाईंच्या देखरेखीखाली, मात्र प्रत्यक्ष कारभार रेसिडेंट रिचर्ड जेन्किन्स यांच्या हाती. वैनगंगेकाठचा मुलुखही इंग्रज अधिकाऱ्यांकडे गेला. आरंभी त्याचे ठाणे लांजीला होते, ते १८२०-२१च्या सुमारास भंडाऱ्यास आले. म्हणजे भंडारा जिल्ह्याचे ठिकाण झाले ते भोसल्यांच्या नावाने, पण इंग्रजांच्या निर्णयाने. १८२७ मध्ये जेन्किन्स यांचा राज्याविषयीचा विस्तृत अहवाल प्रसिद्ध झाला. राजाच्या हाती पूर्ण कारभार येण्यापूर्वीच त्याचे राज्य परक्याच्या कागदांत मोजून, नोंदवून झाले होते.

१८२६ व १८२९च्या तहांनंतर, १८३० पर्यंत, राखून ठेवलेला मुलुख राजास परत मिळाला. मात्र त्यासाठी कंपनीस दरसाल आठ लक्ष रुपये देणे आले. युद्ध आणि परराज्यांशी व्यवहार हे राजधर्माचे दोन मोठे विषय तर हातून गेलेच होते. ज्याच्यापाशी पराक्रमास वाव उरला नाही, त्याच्या दिनचर्येचीच तेवढी चर्चा व्हावी, यात नवल ते काय?

११ डिसेंबर १८५३ रोजी रघूजी निवर्तले. औरस पुत्र नव्हता, हयातीत दत्तकही घेतला नव्हता. यशवंतराव अहिरराव या नातलग मुलाने अंत्यविधी केले. राजकुटुंबाने त्यासच वारस मानले, तो पुढे जानोजी म्हणून ओळखला गेला. डलहौसीने हा वारसा अमान्य करून १८५४ मध्ये राज्य खालसा केले. त्याच्या युक्तिवादात या प्रदेशातील कापसाचाही विचार होता. खुद्द त्याच्या कौन्सिलातील कर्नल जॉन लो यांनी विरोध नोंदविला. राजाच्या सवयींवर कठोर लिहिणारे रेसिडेंट मॅन्सेल यांनीही राजकुटुंबाविषयी सौम्य धोरण सुचविले होते. दोघांचेही ऐकले गेले नाही. भोसल्यांचे जवाहीर कलकत्त्यास लिलावात निघाले.

रघूजी आदर्श राजे होते, असा आमचा दावा नाही. परंतु राज्य त्यांच्या विलासामुळे गेले, हे म्हणणे पटत नाही. जे १८५४ मध्ये औपचारिकपणे नेले गेले, ते भंडाऱ्याच्या कचेरीत १८१८ नंतरच्या बारा वर्षांत बरेचसे जाऊन आले होते. साधनग्रंथ वाचताना विशेषण कोणाचे आणि ते कोणत्या कागदावर उमटले, हे विचारण्याची सवय साहित्याच्या अभ्यासकांस असते. इतिहासाच्या वाचनातही ती सोडू नये, इतकेच.