दोन गोळ्यांचा इतिहास

चाळिशी ओलांडलेल्या आमच्या आयटीवाल्यांच्या औषधांच्या डब्यात दोन गोळ्या हमखास सापडतात: कोलेस्टेरॉलची आणि पाठदुखीची. दोन्ही एकत्र घेतल्या तर चालतं का? उत्तरासाठी थोडं मागे, १९४१ च्या लंडनला जाऊ.

बॉम्बहल्ल्यात कोसळलेल्या घरांखालून माणसं जिवंत बाहेर काढली जायची आणि काही दिवसांनी मूत्रपिंडं निकामी होऊन दगावायची. एरिक बायवॉटर्स या डॉक्टरने हे टिपून ठेवलं. कारण पुढे कळलं: चिरडलेल्या स्नायूंतलं मायोग्लोबिन रक्तात उतरतं आणि मूत्रपिंडांना इजा करतं.

आता जपान. १९७३ मध्ये अकिरा एंडो यांना हजारो बुरशा तपासल्यावर पहिलं स्टॅटिन सापडलं. १९८७ मध्ये अमेरिकेत लोवास्टॅटिनला मंजुरी मिळाली. लाखो हृदयं वाचली. पण ऑगस्ट २००१ मध्ये बायर कंपनीने आपलं सेरिव्हास्टॅटिन मागे घेतलं. स्नायू विरघळून अमेरिकेत ३१ मृत्यू नोंदले गेले होते, त्यातले १२ जण सोबत जेमफिब्रोझिल घेत होते. या दुसऱ्या औषधामुळे पहिलं शरीरात साचत गेलं. म्हणजे पडलेली भिंत नाही, पण शेवट लंडनसारखाच!

मग वेदनाशामकाचं काय? आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक सहसा स्टॅटिनशी थेट भांडत नाही. पण ते मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा कमी करू शकतं. स्नायू खरंच झिजत असतील तर दुखणं दडपलं जातं, आणि मूत्रपिंडावर दुहेरी भार पडतो. कॉम्बिफ्लाममध्येही आयबुप्रोफेन असतं बरं का. साध्या दुखण्याला, मर्यादेत घेतलेलं पॅरासिटामॉल सहसा बरं. यकृताचा त्रास किंवा दारू असेल तर आधी विचारा.

म्हणून घाबरून स्टॅटिन सोडू नका. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या ६० जणांच्या एका ब्रिटिश चाचणीत, स्टॅटिनवर होणाऱ्या त्रासापैकी ९० टक्के त्रास औषध नसलेल्या गोळीवरही झाला. असा गंभीर अपाय फार विरळा.

पण दोन्ही मांड्या किंवा खांदे नव्याने दुखू लागले, जिना चढवेना, लघवी चहाच्या रंगाची झाली, तर वेदनाशामक गिळून कामाला लागू नका. त्याच दिवशी डॉक्टर गाठा. रक्तातलं सीके तपासलं की उलगडा होतो. आणि डॉक्टरांना डब्यातल्या सगळ्या गोळ्या दाखवा, मेडिकलमधून परस्पर आणलेल्याही.